आधी ऊब, मग पिल्ले

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही पुण्याजवळच्या मांजरी गावाहून निघून सोलापूर रस्त्यावरच्या एका पशुखाद्याच्या दुकानात कोंबडीची दहा पिल्ले आणायला गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. दुकानात पिल्ले होती. खादाच्या पोत्यांमागे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्यातून येणारी चिवचिव रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. दुकानदारकाकांनी किती पिल्ले हवीत ते विचारले, ठेवणार कुठे ते विचारले आणि मग विचारले, "दिवा कोणता लावणार?" माझ्या यजमानांनी नऊ वॅटचा एलईडी असल्याचे सांगितले. काकांनी वजनकाट्यावरचा हात काढून घेतला आणि म्हणाले, "ताई, त्याने उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. आधी तारेचा पिवळा बल्ब लावा, एक रात्र थर्मामीटर ठेवून बघा आणि मग या. पिल्ले कुठे पळून जात नाहीत."

त्या क्षणी मला थोडा राग आला होता, हे मान्य केले पाहिजे, कारण आठ वर्षांची मुलगी सकाळपासून या पिल्लांची वाट पाहत होती. परंतु काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. पिसे फुटेपर्यंत पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान टिकवता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यावी लागते. तारेच्या जुन्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. घरात दिवा म्हणून तो खर्चिक ठरला आणि बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला, तो याच कारणामुळे. पिल्लांना मात्र नेमकी तीच उष्णता हवी असते. साठ वॅटचे दोन बल्ब शोधण्यासाठी मला हडपसरमधली चार दुकाने फिरावी लागली. दोन अशासाठी की, मध्यरात्री एक गेला तर दुसरा चालू राहावा.

माझे आजोळ वेल्ह्याजवळ आहे. तिथे पिल्ले कधी विकत आणलेली मला आठवत नाहीत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की आजी तिला पाटीत तुसावर अंडी घालून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायची, एकवीस दिवस कोणालाही तिकडे फिरकू द्यायची नाही आणि पिल्ले निघाली की घारीच्या भीतीने त्यांना आईसकट डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकायची. थर्मामीटर, बल्ब, खाद यांपैकी काही लागत नसे, कारण ते सगळे त्या कोंबडीच्या पोटाखाली होते. पिल्लांना किती वेळ पंखांत घ्यायचे, केव्हा बाहेर काढायचे, दाणा टाकून कसे बोलवायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते. उबवणी यंत्रातून आलेल्या पिल्लाला यांतले काहीच मिळालेले नसते. शिवाय अंड्यांसाठी पैदास केलेल्या आजच्या बहुतेक जातींतून खुडूक होण्याची प्रवृत्तीच निवडून निवडून कमी करत आणली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. त्यामुळे दुकानातून पिल्लू घेणारा माणूस पिल्लाबरोबर खुडूक कोंबडीचे कामही घरी नेत असतो, आणि त्याची कल्पना बहुतेकांना पैसे देऊन झाल्यावर येते.

आम्हांलाही ती गेल्या वर्षी फार उशिरा आली होती. एका जत्रेबाहेर टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकायला बसलेला माणूस मुलीने पाहिला आणि तिच्या हट्टापायी आम्ही चार पिल्ले कागदी पिशवीत घालून आणली. बुटांच्या खोक्यात ठेवली, तांदळाची कणी टाकली, वाटीत पाणी ठेवले. पाचव्या दिवशी एकही उरले नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की अशी रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांसाठीच्या जातीचे नर असतात. त्या जातीचा नर अंडी तर देत नाहीच, पण मांसासाठी लागतो त्या वेगाने वाढतही नाही. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे केले जातात आणि नको असलेले नर कवडीमोलाने बाहेर पडतात. ती पिल्ले भिजवून रंगवलेली, वाऱ्यात बसवलेली, दिवसभर हाताळलेली असतात आणि त्यांना ऊब कोणीच दिलेली नसते. विकणाऱ्याला मी दोष देईन, परंतु विकत घेणारी मी होते आणि खोक्यात ऊब नव्हती ती माझ्या घरी. यंदा पुन्हा पिल्ले आणायची तर नीट माहिती घेऊनच आणायची, असे मी तेव्हा मुलीला कबूल केले होते.

माहिती मिळवायला पुण्यासारखे ठिकाण नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि खडकीला पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. मात्र मोठ्या केंद्रांचा व्यवहार मोठ्या संख्येने चालतो. पिल्लांची पेटी शंभराची असते, आत चार खण आणि प्रत्येक खणात पंचवीस पिल्ले. दहा-वीस पिल्ले हवी असणाऱ्यांची नावे वहीत लिहून घेऊन, शंभराचा आकडा भरला की पेटी मागवण्याचे काम आमच्या काकांसारखे दुकानदार करतात. म्हणूनच त्यांच्याकडे नाव आधी नोंदवावे लागते आणि पिल्ले येतात त्याच दिवशी जाऊन घ्यावी लागतात.

कोणती पिल्ले घ्यावीत, यावर मी बराच विचार केला. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीची कोंबडी, परसात पाळण्यासाठी नाहीच. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वाढण्यासाठी ती जात घडवलेली आहे आणि पुढे तिला स्वतःचे वजन पेलत नाही. कडकनाथला २०१८ मध्ये झाबुआचे भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्याचे नाव फार झाले आहे, परंतु त्या नावाखाली संकरित काळी पिल्लेही विकली जातात आणि एका दिवसाच्या पिल्लावरून फरक ओळखण्याइतकी माझी नजर तयार नाही. बंगळुरूला विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादची वनराजा या दोन्ही जाती परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या आहेत, रंगीत पिसांच्या आहेत आणि फिरून खाणाऱ्या आहेत. काकांकडे त्या आठवड्यात गिरिराज येणार होती, म्हणून तीच ठरली. एका पिल्लाला चाळीस रुपये. नर आणि मादी मिसळलेले, म्हणजे दहांतले निम्मे तरी कोंबडे निघणार हे गृहीत धरूनच घ्यायचे.

दुसऱ्या खेपेपूर्वी आम्ही सगळी मांडणी केली. फ्रिजच्या मोठ्या खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल केले, कारण पिल्ले घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरते. तळाशी दोन इंच भाताचे तूस पसरले. पहिले दोन दिवस पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून त्यावर काहीतरी अंथरावे लागते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय घसरून फाकतात आणि ते कधीकधी कायमचे अधू होतात, म्हणून मी खरबरीत पुठ्ठा वापरला. बल्ब एका कडेला टांगले, मधोमध नाही, म्हणजे ज्याला उकडेल त्याला दूर जायला जागा राहते. मग थर्मामीटर ठेवला, आणि काकांनी एक रात्र थांबायला का सांगितले ते तेव्हा समजले. पुण्यात फेब्रुवारीत दुपारी तीस अंशांच्या वर जाणारा पारा पहाटे बारा-तेरापर्यंत उतरतो. दुपारी दोन वाजता एका बल्बवर ३६ दाखवणारा थर्मामीटर पहाटे चार वाजता दोन्ही बल्ब लावूनही २७ वर होता. पिल्ले आधी आणली असती तर त्याच पहाटे आम्ही काहीतरी गमावले असते. खोक्यावर तीन बाजूंनी गोणपाट टाकून आणि बल्ब चार बोटे खाली उतरवून ते गणित दुसऱ्या रात्री जमले.

निवडताना काकांनी मला प्रत्येक पिल्लू हातात घ्यायला लावले. लव कोरडी आणि फुललेली हवी, डोळे टपोरे हवेत, बेंबी मिटलेली हवी. बेंबीशी काळी खपली किंवा ओल असेल तर ते पिल्लू ठेवून द्यायचे. मागची बाजू स्वच्छ आहे का ते पाहायचे. मग पिल्लाला तळहातावर हलकेच उताणे करायचे. सशक्त पिल्लू क्षणात पालथे होऊन पायांवर उभे राहते. दोन पिल्ले तशीच पडून राहिली, ती काकांनी बाजूला ठेवली. पिल्लांनी अजून काही खाल्ले नसल्याचे ऐकून मुलगी कासावीस झाली, तेव्हा त्यांनी तिला समजावले की अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. इतक्या दूरवरून पेटीतून आलेले पिल्लू जिवंत पोहोचते, ते या शिदोरीवर.

घरी आल्यावर पहिल्यांदा पाणी, खाद नंतर. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ घातला आणि मुलीने एकेका पिल्लाची चोच त्यात टेकवली. एकदा चव कळली की ती आपण होऊन पितात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकून ठेवले होते, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजते आणि भिजलेले पिल्लू गारठते. दोन तासांनी चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे खाद, दिले. काका ते किलोवर सुटे देतात, आणि तेही पंधरा दिवसांपुरतेच न्यायला सांगतात, कारण दमट झालेल्या खादाला बुरशी धरली तर तिचे विष पिल्लांना सोसत नाही.

पुढचे दिवस मी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडेच जास्त पाहिले. ती बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने ओरडत असतील तर गारठली आहेत. भिंतींना चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर तापली आहेत. आणि बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरावेत तशी सगळीकडे विखुरून बारीक आवाजात बोलत असतील तर ठीक आहे. चौथ्या रात्री अडीच वाजता मला ओरडण्यानेच जाग आली. वीज गेली होती. आम्ही गरम पाणी बाटल्यांत भरून, त्या जुन्या सुती साडीत गुंडाळून खोक्यात उभ्या केल्या, वर गोधडी टाकून हवेपुरती फट ठेवली आणि दर पाऊण तासाने पाणी बदलले. वीज पावणेसहाला आली. दहाही पिल्ले बाटल्यांना बिलगून झोपली होती. त्यांतले एक, सगळ्यांत लहान असलेले, पुढे दोन दिवसांनी गेले. त्याची मागची बाजू विष्ठेने चिकटून बंद झाली होती. मी ती कोमट पाण्याच्या कापडाने पुसून मोकळी केली, पण ते सावरले नाही. मुलीने त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. गेल्या वर्षीसारखे "का गेले?" असे तिने या वेळी विचारले नाही, कारण काय काय केले ते तिने पाहिले होते.

लसीची अडचण मात्र थोडीच पिल्ले पाळणाऱ्यासाठी खरोखरची आहे. राणीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब द्यायची असते, परंतु एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांचा डोस असतो, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की थोड्या वेळात संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी बाटली फोडायची आणि उरलेली फेकायची, हे मनाला पटेना. काकांच्याच वहीतल्या, त्याच पेटीतून पिल्ले नेलेल्या पाच घरांना मी फोन केले आणि सातव्या दिवशी सगळे आपापली पिल्ले टोपल्यांत घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एका बाटलीत त्र्याहत्तर पिल्लांना लस दिली. चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाच्या लसीसाठी हीच मंडळी पुन्हा जमली.

आज पिल्ले सहा आठवड्यांची आहेत. मार्चच्या उन्हामुळे बल्ब पाचव्या आठवड्यातच काढला, आणि तो मी काकांना नेऊन दिला, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या पुढच्या माणसालाही चार दुकाने फिरावी लागणार. तुऱ्यांवरून पाहता नऊपैकी चार नर दिसतात. त्यांतले दोन आजोळी जातील. उरलेल्या दोघांच्या पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजारच्या काकूंना आधीच विचारून ठेवले आहे आणि त्यांची हरकत नाही. आठव्या आठवड्यात राणीखेतची पुढची लस आहे. त्याआधी खुराड्याच्या खालच्या बाजूला बारीक जाळी ठोकायची आहे, कारण परवा संध्याकाळी कंपाऊंडच्या भिंतीलगत मुंगूस दिसले.