मेल्या त्या मेल्या, उरल्या त्यांची पिलावळ

गेल्या पावसाळ्यात आमचं बाल स्वास्थ्य पथक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत तपासणीला गेलं होतं. चौथीतली एक मुलगी भिंतीशी एकटीच बसलेली. डोक्यात उवा आहेत म्हणून बाजूला बसवलेली. फार वाईट वाटलं. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. मी आधी तिला मैत्रिणींच्या बाकावर बसवलं, मग आजीला बोलावणं धाडलं.

"बाई, तीनदा औषध लावलं, काई फरक नाई."

मेडिकलमधलं एक टक्का परमेथ्रिन. दहा मिनिटं ठेवून धुतलेलं, शेवटचं परवा. पद्धत बिनचूक होती. केस ओले करून फणी फिरवली, पांढऱ्या रुमालावर झटकली. आठ-दहा उवा तुरुतुरु पळाल्या. औषध लागू पडलं असतं तर दोन दिवसांनी त्यांच्यात ही चपळाई नसती. नव्यानं लागल्या म्हणावं, तर पोरगी आठवडाभर घरीच होती आणि आजीचं डोकं स्वच्छ होतं.

"मंग कपाशीवरचं लावू का थोडं?"

माझ्या अंगावर काटा आला. घरात सायपरमेथ्रिनची अर्धी बाटली होती. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, आणि हे पोरीच्या डोक्यावर! शिवाय दोन्ही औषधं एकाच कुळातली. उवेच्या नसांमध्ये सोडियम आत सोडणारी दारं असतात. ही औषधं ती उघडीच धरून ठेवतात, म्हणून ऊ लुळी पडून मरते. काही उवांमध्ये त्या दाराची घडणच जरा बदललेली असते. औषधाला तिथं नीट पकड मिळत नाही.

हे आजीला कसं सांगावं? मी बोंडअळीची आठवण काढली. एकच फवारा मारत राहिलं की काय होतं?

"मेल्या त्या मेल्या, उरल्या त्यांचीच पिलावळ," ती लगेच म्हणाली.

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. परमेथ्रिन बंद केलं. केस ओले करून, तेल लावून दर तीन दिवसांनी मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं, तीन आठवडे न चुकता. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून मध्येच थांबायचं नाही.

"लिखा फणीत येतीन का?"

तिच्या फणीचे दात विरळ होते. माझ्या पेटीतली धातूची फणी मी तिला दिली.