तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता गुलाबी का?

न्यू जर्सीला आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना मी न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात नेतो आणि जर्मन चित्रकार किर्शनरच्या 'स्ट्रीट, ड्रेस्डेन' या चित्रापुढे उभं करतो. मग सगळे एकच विचारतात. तुम्हीही विचारलंत.

आधी मी "भावना" म्हणून मोकळा व्हायचो. कुणाची, कसली, काही नाही. पुढे रंगचक्र शिकवू लागलो: गुलाबीला हिरवा भिडला की दोन्ही पेटतात, डोळा ठरत नाही. हे खरं आहे, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही. माझंही नाही.

बाबा आले तेव्हा चित्र नीट पाहणारे तेच पहिले. दोन मीटर रुंद कॅनव्हास, त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली. पर्स घट्ट धरलेली बाई, मोठ्या हॅटखाली दबलेली छोटी मुलगी, मुखवट्यासारखे चेहरे. म्हणाले, "दिवा कुठाय? उजेड कुठून येतोय?" मग पायांशी सावल्या शोधल्या. "एकालाही सावली नाही रे. भुतं आहेत का ही?" मी पेटणाऱ्या रंगांचं सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "ते राहू दे. तुला इथली माणसं अशी दिसतात?"

मी "छे, काहीतरीच!" म्हणालो. जरा मोठ्यानेच. रखवालदाराने वळून पाहिलं. परतीच्या गाडीत बाबा फक्त हवापाण्याचं बोलले. आईला फोनवर काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही.

अशी दिसत नाहीत हो! शेजारी चांगले आहेत, बर्फ पडला की न सांगता आमचंही अंगण साफ करतात. पण ऑफिस सुटल्यावर पेन स्टेशनच्या गर्दीत, त्या पांढऱ्या दिव्यांखाली... तिथेही सावली पडत नाही. हे बाबांना सांगायला हवं होतं की नको, ठरत नाही.

"त्याने त्या संध्याकाळी पाहिलं तसं रंगवलं" हेही मी ठासून सांगायचो. आता सांगवत नाही. 1919 मध्ये, स्वित्झर्लंडला जाऊन राहिल्यावर, किर्शनरने हेच चित्र पुन्हा रंगवलं. मूळ चित्र 1908 चं. म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा बाजार डोंगरात बसून, अकरा वर्षांनी. वर साल टाकलं 1907, शाळेतल्या जन्मतारखेसारखं. मग तो गुलाबी ड्रेस्डेनचा, की दूर गेल्यावर आठवणीत चढलेला? मी कधी एक म्हणतो, कधी दुसरं. बाबांपुढे मात्र पहिलंच रेटलं असतं.