डिलाइटचा शोध: साडेसातशे किलोमीटर, तीन गाड्या

साठच्या दशकातली फियाट ११०० डिलाइट शोधायला लागून चौदा महिने झाले. फोटोंवर विश्वास ठेवायचा नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून शुक्रवारी पहाटे पाचला पुणं सोडलं. सोबत आमचे मिस्त्रीकाका, ज्यांचं उभं आयुष्य फियाटखाली गेलंय. पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज आणि गाडीखाली झोपायला जुनी सतरंजी.

कोल्हापूरची गाडी बघताक्षणी आवडली. १९६८ चं मॉडेल, ताजा क्रीम रंग, पुढची सलग सीट नव्याने शिवलेली. इंजिनाचं बोअरिंग (सिलिंडर आतून कातून नीट करणं) उद्यमनगरात केलेलं, आणि तिथल्या लेथवरचा हात कळत होता: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. पहिल्याच सेल्फला चालू झाली. (इटलीत याच गाडीला, म्हणजे ११००-डीला, १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे कुर्ल्यात प्रीमियर कंपनीने १०८९ सीसीचंच ठेवलं. पण ते नीट बांधलेलं असलं की काय गोड चालतं!) स्टीअरिंगजवळचा हँड गिअर टॉपला टाकून एक चक्कर मारली आणि मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो.

मग काकांनी लोहचुंबक काढलं. दारावर चिकटलं, छतावर चिकटलं, दाराखालच्या सिलवर मात्र घसरून खाली पडलं. आत पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते. काकांनी जॅक लावून एक बाजू उचलली, तर मागचं दार बंद होईना, म्हणजे बॉडीच वाकत होती. त्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला. मालकांनी मनापासून खर्च केला होता, त्यांना हे सांगताना फार वाईट वाटलं.

आजरा, आंबोली करत सावंतवाडीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी पाहिलेली गाडी ‘डिलाइट’ म्हणून विकायला होती, पण आरसी बुकात साल १९७६. याच गाडीला पुढे मिळालेलं पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे ही पद्मिनीच, वर डिलाइटची अक्षरं बसवलेली. कोकणातल्या पावसाने फ्लोअरही खाल्लेला. दहा मिनिटांत निघालो.

परतताना गडहिंग्लज, संकेश्वरवरून निपाणी. खरं तर ही गाडी मी यादीतून काढणारच होतो, कारण ‘बंद अवस्थेत’ असं कळलं होतं. तंबाखूच्या जुन्या वखारीत, लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली उभी. १९६७ ची, नंबर जुन्या म्हैसूर राज्याचा, एमवायवाला. रंग उडालेला, टायर फुटलेले, इंजिन जाम. काका सतरंजी टाकून खाली गेले ते वीस मिनिटं बाहेरच आले नाहीत. सिल, फ्लोअर, बॅटरीखालचा कप्पा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं, सगळीकडे चुंबक टक्कन बसलं. वरवर गंज होता, पण पत्रा कुठेही सडलेला नाही. कोरड्या वखारीने गाडी जपली होती. सीटला अजून तंबाखूचा वास आहे आणि तो मी घालवणार नाही. पट्टीवरचा चासी नंबर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर, दोन्ही आरसीशी जुळले.

इंजिन पुन्हा बांधता येतं, त्याचे कारागीर अजून आहेत. कुजलेली बॉडी सरळ करणारे हात मला तरी आता सापडत नाहीत. म्हणून चालती गाडी सोडून बंद गाडीला टोकन दिलं.

आता कागद. आधी कर्नाटकातून एनओसी, मग इथे नोंदणी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्यावर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. मला ती दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची आहे, त्यामुळे साध्या नोंदणीचाच प्रयत्न करणार.

निघण्याआधी काकांनी चारही प्लग काढून आत रॉकेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सोडलं. आठ दिवस तसंच मुरू द्यायचं. पुढच्या शनिवारी इंजिनाच्या पुलीच्या नटाला पाना लावून बघू, पिस्टन हलतात का.