ओट्यावरचे पॉइंट : तिसरा आठवडा

मंडळी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर विजेचे नवे पॉइंट बसवायला भिंत फोडून झाली, पाइप बसले, वायरी ओढून झाल्या. जोडण्या परवानाधारक वायरमनने केल्या; मी हेल्पर. धूळ अजून डब्यांवर आहे, म्हणून आईचा अबोला चालू आहे.

जागा ठरवायला या वेळी पुठ्ठा वापरला. बोर्डाच्या मापाचे तुकडे टाइलवर चिकटवून चार दिवस तसेच ठेवले. सिंकशेजारचा दुसऱ्याच दिवशी भिजून गळाला. (जुना बोर्ड इतकी वर्षं नेमका तिथेच होता!) शेगडीमागचा तेलकट झाला. शेवटी खिडकीकडचा कोपरा धरला, ओट्यापासून दहा इंच वर.

लोडचा हिशोब: इंडक्शन 2000 वॉट, किटली 1500, मिक्सर 750. तिन्ही एकदम चालले तर 230 व्होल्टला साडेअठरा अँपिअर. हे सगळं आधी 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) होतं, आणि इंडक्शन तर कन्व्हर्टर प्लग लावून 6 अँपिअरच्या सॉकेटात. ते सॉकेट उघडलं तर आतून तपकिरी. आता इंडक्शनला 4 स्क्वेअर एमएमच्या जाड वायरची स्वतंत्र लाइन आणि 16 अँपिअरचं सॉकेट.

खरी गंमत आरसीसीबीने (करंटची गळती झाली की पडून वीज तोडणारा स्विच) केली. 30 मिलिअँपिअरचा, फक्त स्वयंपाकघरासाठी. दिवसभर मिक्सर, किटली, सगळं सुरळीत. दिवेलागणीला खट्‌कन पडायचा. दोन दिवस मी मिक्सरलाच दोष देत होतो, उघडूनही बघितला. तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं, पॅसेजमधला दिवा लावला की पडतो! त्या दिव्याला फेज हॉलमधून आणि न्यूट्रल मात्र जवळ पडतो म्हणून स्वयंपाकघरच्या बोर्डातून दिलेला. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. इथे न गेलेलाच करंट परत येत होता. 9 वॉटचा एलईडी म्हटला तरी चाळीसेक मिलिअँपिअर घेतोच. जुन्या घरात आरसीसीबी बसवणार असाल, तर आधी न्यूट्रल शोधा. मिक्सर उघडू नका.

दिव्याचा न्यूट्रल हॉलकडे वळवला. त्यानंतर पडला तो फक्त मी टेस्टचं बटण दाबल्यावर.

राहिला फ्रिज. आम्ही गावी असताना आरसीसीबी पडला तर सगळं नासेल, म्हणून त्याला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) हवाय. डबल पोलला (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) दोन खाने लागतात आणि स्विचांच्या डब्यात एकच उरलाय.