पिनर: रुळांनी वेढलेलं गाव

लंडनच्या हॅरो उपनगरातल्या मावशीकडे आठवडाभर मुक्काम होता. एका सकाळी लंडन अंडरग्राउंडच्या मेट्रोपॉलिटन लाइनने पिनरला निघालो आणि पहिलीच चूक केली: अक्सब्रिजची गाडी पकडली. हॅरो-ऑन-द-हिलनंतर फाटा फुटतो, म्हणून पिनरसाठी वॉटफर्ड, अ‍ॅमरशॅम किंवा चेशॅमची पाटी बघूनच चढा. संध्याकाळच्या गर्दीत काही जलद गाड्या पिनरला थांबतही नाहीत. स्टेशन भाड्याच्या झोन ५ मध्ये आहे. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं.

स्टेशनातून बाहेर आल्यावर समोर नेहमीचीच उपनगरी दुकानं दिसतात. जरासा हिरमोड झाला. हाय स्ट्रीटला वळलात की मात्र चढाच्या दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची जुनी घरं लागतात. 'क्वीन्स हेड' हा पबही तिथलाच. चढाच्या माथ्यावर गारगोटीच्या भिंतींचं सेंट जॉनचं चर्च, १३२१ साली अभिषेक झालेलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तीनशे वर्षं! तरी १७६६ पर्यंत पिनर हॅरोच्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, मोडत होतं.

चर्चच्या आवारातली लाउडन कुटुंबाची समाधी चुकवू नका. उंच दगडी मनोऱ्याच्या पोटातून शवपेटी दोन्ही बाजूंनी आरपार बाहेर आलेली दिसते. उद्यानतज्ज्ञ जॉन क्लॉडियस लाउडनने ती आईवडिलांसाठी बांधली. देह जमिनीच्या वर राहील तोवरच वारसांना संपत्ती, अशी दंतकथा सांगतात. आपल्याकडे अशा गोष्टीवर दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

गाव बदललं ते रेल्वेमुळे. १८८५ मध्ये स्टेशन आलं. रुळांलगतची जादा जमीन स्वतःकडे ठेवून तिच्यावर घरं बांधायची मुभा मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीला होती. इतर रेल्वे कंपन्यांना ती विकावी लागे. आधी सेसिल पार्क ही वसाहत उभी राहिली. पुढे १९१५ पासून 'मेट्रोलँड' या नावाने जाहिरातबाजी झाली आणि दोन महायुद्धांमधल्या काळात शेतांवर जोडघरांच्या रांगा चढल्या. सेसिल पार्कमध्ये जरूर चक्कर मारा. स्टेशनपासून चालत काही मिनिटांचीच वाट आहे. १९६५ साली मिडलसेक्स परगणा मोडला आणि पिनर कागदोपत्रीही लंडनचं झालं.

जत्रा मात्र टिकली! तिसऱ्या एडवर्डने १३३६ मध्ये आठवडी बाजाराची आणि वर्षाला दोन जत्रांची सनद दिली होती. त्यातली एक अजून भरते. मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या (सार्वजनिक सुट्टीनंतरच्या) बुधवारी हाय स्ट्रीटवर वाहनं बंद आणि पाळणे सुरू. जत्रा बघायची असेल तर तोच दिवस धरा. चर्च आणि जुनी घरं शांतपणे बघायची असतील तर तो दिवस टाळा.

मेमोरियल पार्कमधल्या हीथ रॉबिन्सन संग्रहालयासाठी तासभर राखून ठेवा. साध्या कामासाठी दोऱ्या-कप्प्यांची अचाट यंत्रं काढणारा हा चित्रकार काही वर्षं पिनरमध्येच राहत होता. वेळा आधी तपासा. मी न तपासता गेलो आणि बंद दारासमोरच्या बाकावर मावशीने दिलेले ठेपले खाऊन परतलो.