पीतांबराचा काठ आणि मुकुटाची नक्षी: अल्फा, स्टेन्सिल आणि माझा अनुभव

लालबागला माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. शाडूच्या घरगुती मूर्ती हे त्याचं मुख्य काम. नव्या दीड फुटी मूर्तीचा मूळ नमुना संगणकावर घडवायचा, तो रेझिनमध्ये (उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) तुकड्यातुकड्यांनी थ्रीडी प्रिंट करायचा आणि त्यावरून रबराचा साचा काढायचा असं त्याने ठरवलं, आणि घडवण्याचं काम माझ्याकडे आलं. सोंडेची वळणं, पोटाचा तोल, मांडीची बैठक हे सगळं मामा शेजारी बसून सांगत होता आणि मी ब्लेंडर या थ्रीडी घडणीच्या प्रोग्रॅममध्ये करत होते. तो भाग इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते नक्षीबद्दल: पीतांबराचा काठ, शेल्याचा पदर, मुकुट, प्रभावळ. ते सगळं मी अल्फा आणि स्टेन्सिल वापरून केलं, आणि मराठीत याविषयी फार कमी वाचायला मिळतं.

अल्फा म्हणजे राखाडी छटांचं एक चित्र. प्रोग्रॅममधल्या घडवायच्या ब्रशला ते जोडलं की पांढरा भाग पृष्ठभाग पूर्ण उचलतो, काळा जागचा हलवत नाही आणि मधल्या छटा तितक्या प्रमाणात उचलतात. ब्रश उलटा केला की तेच चित्र खोदकाम करतं. म्हणजे अल्फा हे दिसायला चित्र असलं तरी ते उंचीचं मोजमाप आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिला परिणाम असा की नक्षीचा फोटो काढून तो थेट अल्फा म्हणून चालत नाही. फोटोतला पांढरा म्हणजे जिथे उजेड पडलाय तो भाग, उंच भाग नव्हे. हे मला घारापुरीला सगळ्यात स्पष्ट दिसलं. मुकुटासाठी मला तिथला सदाशिव पाहायचा होता, म्हणून गेटवेहून लाँचने गेले. ती मूर्ती माणसाच्या तिपटीहून उंच, लेण्याच्या दक्षिण भिंतीत आत खोल कोरलेली, आणि उजेड येतो तो बाहेरच्या मोकळ्या बाजूंनी. दागिन्याच्या ज्या कडेवर उजेड पडतो ती कड लख्ख, पलीकडची काळी. असा फोटो अल्फा म्हणून लावला तर प्रत्येक मणी एका बाजूला उचललेला आणि दुसऱ्या बाजूला खचलेला येईल. म्हणून तिथे मी वहीत रेखाटनं केली आणि शेजारी फक्त थर लिहिले: सगळ्यात वर काय, त्याखाली काय, तळाला काय.

हे थर लिहिताना जे कळलं ते मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. मधल्या चेहऱ्यावरच्या जटामुकुटात इतकं काम आहे, पण मनात थर मोजत गेलं की ते मोजकेच भरतात. लांबून मुकुट नीट वाचता येतो तो त्यामुळेच. घरातला गणपतीही लोक मखरापासून चार पावलं मागे उभं राहूनच बघतात. मी मुकुटाचा अल्फा करताना हेच धोरण ठेवलं. मोजक्या ठाम उंच्या, त्यांच्यामध्ये छोटे उतार, आणि उगाच हजार छटांचा धूर नाही.

काठासाठी आजीची पैठणी होती. नारळी काठ, त्यावर आसावलीची वेल. तिचं स्कॅन काढलं, पण ते फक्त खाली ठेवून वर गिरवण्यापुरतं, कारण विणलेल्या जरीत उंची नसतेच, रंग आणि चमक असते. क्रिटा या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये ग्रेस्केल, 16 बिटची, म्हणजे भरपूर छटा मावणारी फाइल उघडली आणि डब्ल्यू दाबून रॅपअराउंड चालू केलं. यात चित्राची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला आपोआप जुळते, त्यामुळे वेलीचा एकच तुकडा काढला की ती अखंड धावते. प्रत्येक पाकळीच्या कडेला मी थोडा उतार ठेवला. सरळ उभी भिंत ठेवली असती तर शाडू साच्यातून निघताना तिथेच अडकला असता.

तयार अल्फांचे संच इंटरनेटवर भरपूर आहेत, फुकटही आहेत. त्वचेची रंध्रं, खवले, दगडाचा खरखरीतपणा यासाठी ते उत्तमच. पण वेलबुट्टी म्हणून त्यात बहुतेक युरोपीय पानं भेटतात, आणि ती पीतांबरावर बसवली की मूर्ती कुणा दुसऱ्याच घरातली वाटते. शिवाय त्यावरून साचा काढून मूर्ती विकायच्या असतील तर परवान्यात तशी मुभा आहे का हे वाचावं लागतं. आपल्या घरात नारळी काठ असताना दुसरीकडे का जायचं?

बिटांबद्दल खूप ऐकायला मिळतं, म्हणून हिशोबच मांडते. 8 बिटच्या चित्रात 256 छटा असतात. काठाचा उठाव 2 मिलिमीटर धरला तर एक पायरी साधारण 0.008 मिलिमीटरची होते. रेझिन प्रिंटरचा एक थर सर्वसाधारणपणे 0.05 मिलिमीटरचा असतो. म्हणजे प्रिंटमध्ये ती पायरी दिसणारच नाही. पण चित्र फिकट असेल आणि 256 पैकी जेमतेम चाळीसच छटा वापरल्या असतील, तर पायरी थेट 0.05 मिलिमीटरवर जाते आणि गोलाईवर रेघा उमटतात. म्हणून 16 बिटपेक्षाही आधी हे बघावं की चित्र पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत पसरलंय ना. आणि जेपीईजी टाळावं. त्याच्या दाबण्याने 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे पडतात, ते उंचीत उतरतात. पीएनजी बरं.

आता जाळीची घनता. संगणकातली मूर्ती म्हणजे छोट्या चौकोनांची जाळी असते. अल्फा कितीही बारीक असला तरी त्याखाली पुरेसे चौकोन नसतील तर तो पुसट होतो. ही जाळी टप्प्याटप्प्याने बारीक करणाऱ्या मल्टिरिझोल्यूशनची प्रत्येक पातळी चौकोनांची संख्या चौपट करते. 20 हजार चौकोनांचं धोतर चौथ्या पातळीवर 51 लाखांच्या वर जातं. पूर्ण मूर्ती इतकी घन केली असती तर माझा संगणक हलला नसता, म्हणून पीतांबर, शेला, मुकुट, प्रभावळ हे सगळे वेगळे भाग ठेवले आणि ज्या भागावर काम चालू तेवढाच वर नेला.

प्रभावळ आणि आसनाची पुढची बाजू सपाट असल्यामुळे तिथे स्टेन्सिल घेतलं. ब्रशच्या टेक्स्चरमध्ये मॅपिंगला स्टेन्सिल निवडलं की चित्र पडद्यावर स्थिर राहतं आणि ब्रश त्यातून खाली उतरतो, अगदी रांगोळीच्या छापासारखा. माउसचं उजवं बटण दाबून ते सरकवायचं, शिफ्टसह दाबलं की लहानमोठं होतं, कंट्रोलसह फिरतं. याची खरी ताकद म्हणजे दाब हातात राहतो. प्रभावळीच्या मध्याकडे उठाव जास्त, कडेला विरत जाणारा, हे मी पेनच्या दाबाने केलं. झेडब्रश या घडणीच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही हीच सोय आहे, तिथे अल्फावरून स्टेन्सिल तयार करतात. मर्यादा एकच आणि मोठी: चित्र आपल्या नजरेच्या दिशेने पडतं, त्यामुळे पृष्ठभाग जिथे वळतो तिथे नक्षी ताणली जाते. गुडघ्यावरच्या काठाला स्टेन्सिल लावायचा विचार सोडून द्यावा.

मुकुटावरचे सुटे खडे आणि फुलं यांना ब्रशचं मॅपिंग एरिया प्लेन, म्हणजे चित्र पृष्ठभागाला धरून बसतं, आणि स्ट्रोक अँकर्ड, म्हणजे एकच ठसा उमटतो. जागेवर टेकवायचं, ओढून हवं तेवढं मोठं करायचं, सोडायचं. फॉलऑफ, म्हणजे ब्रशचा जोर कडेकडे कसा कमी होतो ते, कॉन्स्टंट (सगळीकडे सारखा) ठेवला, नाहीतर ब्रशची स्वतःची गोलाई अल्फावर चढते आणि कडा विरतात.

शेल्याच्या पदरावर फुलांची ओळ हवी होती. तिथे रेक चालू केलं, म्हणजे अल्फा हाताच्या दिशेने वळतो. ब्रश गोल असल्याने चौकोनी चित्राचे कोपरे छाटले जातात. वर्तुळात बसणारा सगळ्यात मोठा चौरस व्यासाच्या साधारण 70 टक्के असतो, म्हणून फूल चित्राच्या मधल्या 70 टक्क्यांत बसवलं, बाकी काळं सोडलं आणि स्पेसिंगही, म्हणजे दोन ठशांमधलं अंतर, व्यासाच्या 70 टक्के ठेवलं. फुलाला फूल लागून ओळ तयार झाली. ही युक्ती मला कुठे लिहिलेली सापडली नव्हती, म्हणून मुद्दाम देते आहे.

पण पीतांबराचा मुख्य काठ मी ब्रशने केला नाही. तो लांब आहे, निऱ्यांत आत जातो, बाहेर येतो, आणि मामाला उठाव किती हवा हे प्रिंट हातात आल्याशिवाय ठरणार नव्हतं. काठाच्या चौकोनांची पट्टी फॉलो ॲक्टिव्ह क्वॉड्स या आज्ञेने यूव्हीत (पृष्ठभागाच्या सपाट उलगडलेल्या नकाशात) सरळ पसरली, तीच क्रिटातली वेल त्यावर ठेवली आणि चित्राप्रमाणे पृष्ठभाग उचलणारा डिस्प्लेस मॉडिफायर लावला, मिडलेव्हल शून्य ठेवून, म्हणजे काळा भाग जागचा हलत नाही. माझ्या फाइलमध्ये एक एकक म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे स्ट्रेंग्थ 1.2 लिहिलं की पांढरा भाग बरोबर 1.2 मिलिमीटर वर येतो. निरी जशी वळेल तशी वेलही वळते. माझं मत विचाराल तर लांब, एकसारख्या काठासाठी हीच पद्धत. ब्रश राखून ठेवावा तो जिथे हाताचा निर्णय लागतो तिथे.

गुडघ्याच्या भागाचा पहिला प्रिंट मामाने हातात घेतला आणि डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "स्क्रीनवर छान आहे गं, पण बोटाला लागत नाहीये. शाडू सुकताना आकसतो, वर प्रायमर, मग रंग, मग सोनेरी. तुझी वेल त्यात बुडणार." मी विचारलं, "मामा, किती वाढवू?" तो म्हणाला, "उंची वाढव, आणि दोन पानांमधली जागाही वाढव. रंग भरणाऱ्याचा ब्रश तिथे शिरला पाहिजे." उंची एका आकड्याने वाढली, 1.2 चे 1.8 झाले. पानांमधली जागा मात्र क्रिटात जाऊन पुन्हा आखली, आणि आसावलीची बारीक तंतूसारखी टोकं काढून टाकली. ती पैठणीवर शोभतात, दीड फुटी मूर्तीवर रंगाखाली नुसती गिचमिड होतात.

व्हेक्टर डिस्प्लेसमेंटचे ब्रशही आहेत, ज्यांनी पानाची कड उलटी वळवता येते. दिसायला ते अप्रतिम आहेत. साच्याच्या कामासाठी मी ते बाजूला ठेवले, कारण वळलेल्या कडेखाली रबर अडकतं आणि ओला शाडू तुटतो. साधा अल्फा पृष्ठभागाला फक्त बाहेर ढकलतो, आणि साच्याला तेच सोयीचं आहे.

नंतरच्या प्रिंटवर मामाने प्रायमर मारला, सोनेरीचा एक हात दिला आणि काठ मंजूर केला. प्रभावळीचा उठाव त्याने उलट थोडा कमी करायला सांगितला, कारण मागची नक्षी मुकुटाशी भांडत होती. आता प्रत्येक अल्फाच्या फाइलनावातच मी नक्षीचं नाव, पुनरावृत्तीची रुंदी आणि मंजूर झालेला उठाव मिलिमीटरमध्ये लिहून ठेवते. पुढच्या मूर्तीसाठी मामाला मुनियांचा, म्हणजे पैठणीवरच्या पोपटांचा, काठ हवाय. पोपटाच्या पंखांना किती थर द्यायचे यावर आमची चर्चा चालू आहे. तो दोन म्हणतो, मला तीन हवेत.