बायोप्सीचा ब्लॉक मिळवताना

तळहातांना भेगा, तळपायांवर जाड खपल्या आणि रात्रभर खाज. कुणी साबणाची अ‍ॅलर्जी म्हटलं, कुणी सोरायसिस, कुणी नायटा. बुरशीची तपासणी निगेटिव्ह, पॅच टेस्टमध्ये काही नाही. मलम लावलं की उतरायचं, थांबवलं की पुन्हा तेच. शेवटी बायोप्सी झाली, म्हणजे तळहाताच्या कातड्याचा तुकडा काढून तपासला, आणि रिपोर्ट आला मोघम: 'जुनाट त्वचादाह'.

परळला टाटात दाखवलं, तर त्यांनी बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मागितले. इथे माझं घोडं अडलं. लॅबच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, रिपोर्ट दिलाय ना? ब्लॉक कशाला?" मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली, तर ब्लॉक गोडाउनला. ते आले, तर सही करणारे सर रजेवर. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना पायाच्या भेगांतून रक्त यायचं, आणि हे "उद्या या" म्हणायचे! माझ्याच हाताचा तुकडा, पैसे भरून तपासलेला, आणि तो मागताना मी आर्जवं करायची? शेवटच्या दिवशी तिथेच बसून राहिले, संध्याकाळी ब्लॉक हातात पडला. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत मेण, मेणात तांदळाच्या कणीएवढं कातडं, कडेला पेन्सिलीनं नंबर. म्हणून सांगते, तुकडा देतानाच विचारून ठेवा, ब्लॉक कुठे राहणार आणि कोण देणार.

ब्लॉक तपासून टाटातल्या डॉक्टरांना शंका आली, पण खात्री होईना. स्टेरॉइडचं मलम चालू असताना तुकडा घेतला की खुणा पुसट होतात. मलम काही आठवडे बंद करून तळहात आणि तळपाय, दोन्हीकडून पुन्हा तुकडे घेतले. (टाके ओले करायचे नसतात, घरात पोळ्या-भांडी बघणारं कुणी ठेवा. मलम मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवा.) पेशींवरच्या सीडी३, सीडी४, सीडी७ या खुणांची तपासणी झाली, टी-पेशींची जनुक चाचणीही झाली, आणि नाव कळलं: मायकोसिस फंगॉइडिस, त्वचेचा टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. फक्त तळहात-तळपायांवर तो क्वचितच होतो आणि दिसतो हुबेहूब एक्झिमासारखा.

कॅन्सर ऐकून हे खुर्चीत मटकन बसले. मला मात्र आधी हायसंच वाटलं. हा प्रकार बहुधा हळू चालतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आता सोरालेन हे औषध आणि अतिनील किरण यांचे, म्हणजे पुवाचे, उपचार चालू आहेत. ब्लॉकची पावती फाइलमध्ये पहिल्या पानावर लावली आहे, आणि नवे ब्लॉक कुठे आहेत तेही तिच्यावर लिहून ठेवलंय.